सरांचा उजवा हात

८ जुलै

सरांनी फळ्यावर ‘मानसशास्त्र’ लिहिलं — अक्षरं कसली, मुंग्यांची रांगच! मागच्या बाकावरची पोरं खुसखुसली. मला राग आला. मीही त्याच वर्गात, पण त्यांच्या आयांच्या वयाची. मी शिकवते ती बालवाडी सुटली की कॉलेजला पळते. जेवताना सून विचारते, “आई, गृहपाठ झाला का?” द्वाड!

१५ जुलै

आज मेंदूतली रसायनं. बोलता बोलता सर थांबले. थरथरणारा उजवा हात वर धरला. “हा बघा डोपामिनचा धडा. ते बनवणाऱ्या पेशी माझ्याकडे कमी होत चालल्यात. कंपवात. आता खुशाल हसा, पण परीक्षेत उत्तर बरोबर लिहा.”

काय माणूस आहे!

१६ जुलै

खुसखुसणाऱ्यांतल्याच एकानं आज फळा पुसून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

२२ जुलै

झोपेचा तास. स्वप्न पडत असताना मेंदू अंगाला कुलूप लावतो, म्हणून आपण अंथरुणातून उठून धावत नाही. “माझं कुलूपही बिघडलंय,” सर म्हणाले. “परवा स्वप्नात गोल मारला. लाथ बायकोला! ती म्हणते, खेळा हवं तेवढं, पण दुसऱ्या खोलीत.”

हसून हसून पोट दुखलं. घरी आल्यावर मात्र तो धडा मी पुन्हा वाचून काढला.

५ ऑगस्ट

सर बालवाडीत आले! मीच बोलावलं होतं, पुस्तकातला पाण्याचा प्रयोग करून बघायला. दोन बुटक्या पेल्यांत सारखंच पाणी. एकातलं उंच पेल्यात ओतायचं आणि विचारायचं — जास्त कशात? एवढीशी मुलं उंचाकडेच बोट दाखवतात. पाणी तेवढंच आहे, ही समज पुढे येते.

सर ओतू लागले. हात नाचायला लागला. मी पुढे झाले, तर नजरेनंच थांबवलं मला.

“जास्त कशात?”

“उंचात!” सगळी एका सुरात.

आमच्या वर्गातली चिमणी तेवढी मान हलवत बसली. “उंचात कमी.”

“का गं?”

“तुम्ही सांडलंत ना! हे काय टेबलावर!”

सरांनी टेबलाकडे पाहिलं. मग असे हसले, की डोळे पुसावे लागले. “इतकी वर्षं शिकवतोय, हे उत्तर पहिल्यांदा मिळालं!”

“काका, हात का नाचतो?”

“त्याला ‘थांब’ म्हणणारं औषध डोक्यात कमी पडतं.”

“मग मी धरू?”

दोन्ही हातांनी तिनं त्यांचं मनगट धरलं. उंच पेल्यातलं पाणी दोघांनी मिळून परत बुटक्यात ओतलं. एक थेंब सांडला नाही. मी मात्र खिडकीकडे तोंड करून उभी!

१२ ऑगस्ट

सर रजेवर. बदली बाई छान शिकवतात. अक्षर मोत्यासारखं. मुळीच आवडलं नाही.

१८ ऑगस्ट

सकाळी बालवाडीच्या दारात सर. “कॉलेज सोडलं. रोज तासभर गोष्टी सांगायला ठेवाल का?”

मी दार सताड उघडलं. चपला काढून ते आत आले, मुलांकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, मी कुठे बसू?”