कानस शिकवणाऱ्या मिस्त्रींना

प्रिय मिस्त्री,

सगळं खामगाव तुम्हाला याच नावानं ओळखायचं, म्हणून मीही तेच लिहिते. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. पण गुरुवारी मी एका माणसाला दारातून परत पाठवलं आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुमच्याशिवाय सांगू कोणाला?

किसन आला होता. तुमच्याच कापसाच्या जिनातला फिटर, आता शाळेच्या कामशाळेत तुमच्या जागी शिकवतो. ओट्याखालूनच म्हणाला, "वहिनी, पोट्टे माह्याजवळ शिकत नाहीत. उंद्री गावच्या एकाले मी मारलं, तो घरी निघून गेला. मिस्त्री कसे शिकवत, तुमाले ठावं आहे. मले सांगा ना!"

मी म्हटलं, "ते गेले, त्याईचं शिकवणं बी गेलं." आणि दार लावून घेतलं!

तुम्ही असतात तर असं केलं असतं का?

तुमचे मास्तर होण्याचे दिवस आठवतात? वीस वर्षं कापसातली सरकी काढायचे रेचे दुरुस्त केलेला माणूस, पण हेडमास्तरांनी हातात खडू दिला की घाम फुटायचा. दिवसा ते तुम्हाला शिकवावं कसं ते सांगायचे आणि संध्याकाळी तुम्ही घरी धडा घोकायचात. समोर विद्यार्थी मीच! पहिल्या दिवशी भिंतीकडे पाहून "मुलांनो" म्हणालात आणि मी फस्सकन हसले. दोन दिवस तुम्ही बोलला नाहीत. तेव्हा माफी मागायची राहिली. आज मागते.

मग लोखंड घासायची कानस आली. "पुढं जाताना दाबायची, मागं येताना हलकी."

"मागं येताना काऊन नाही दाबायची?" मी विचारलं.

केवढे चिडलात! "माह्या उस्तादानं कधी सांगितलं नाही. चुकलं की थापड देत जाय."

पण दुसऱ्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठलात, कानस आणलीत आणि माझं बोट तिच्यावरून फिरवलंत. एकीकडून सरकलं, दुसरीकडून अडलं. "पाह्य, दाताईचं तोंड पुढं आहे. मागं दाबली तर ते बोथट होतात." हाच धडा तुम्ही नागपूरच्या तपासनीस साहेबांपुढे घेतलात आणि मास्तर झालात. किती खूश होतात!

वर्षही पुरं झालं नाही, तोच ताप आला. एवढी कसली घाई होती हो?

खरं सांगू? किसनचा राग नव्हता. तुमच्या जागी दुसरं कोणी उभं राहिलेलं मला सोसवत नव्हतं. पण त्यात त्या उंद्रीच्या पोराचा काय दोष?

काल तुमची अवजारांची पेटी उघडली. लोखंडाची पट्टी पाटाला बांधून घासत बसले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "एकटीच कोणाशी बोलून राह्यली वं?"

तेव्हा कळलं, समोर कोणी नसताना मी शिकवत होते!

उद्या सकाळी सासूबाईंना सोबत घेऊन किसनच्या घरी जाते. त्याला आधी उंद्रीला धाडीन. त्या पोराच्या मायबापांपुढे चूक कबूल करून त्याला घेऊन ये म्हणेन. मग किसनला त्याच्या बायकोशेजारी ओसरीवर बसवून मी उभी राहीन आणि पहिल्यापासून शिकवीन. गाव काय म्हणायचं ते म्हणो. तुम्हाला हा शब्द दिला.

तुमचीच,
रुक्मा