विभागीय चिटणिसांच्या कार्डावरील अठरा परके आजार

प्रति,
मा. उपसंचालक,
निवृत्त केंद्रीय कर्मचारी आरोग्य सुविधा कक्ष,
हैदराबाद.

विषय : आमच्या संघाचे विभागीय चिटणीस श्री. हिम्मतराव सूर्यवंशी यांच्या कार्डावरील अठरा आजार ज्यांचे त्यांना परत करणे व श्रीमती भामाबाई भोसगे यांची सुनावणी तळमजल्यावर घेणेबाबत.

संदर्भ : यापूर्वीचे दोन अर्ज. इंग्रजी अर्जास पोचपावती मिळाली. हिंदी अर्जास हिंदी पंधरवड्यात उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळाले.

महोदय,

कीर्तनाला उभे राहिले की बुवा आधी मागे बसलेल्यांना पुढे बोलावून घेतात. त्याच रीतीने विनंती, की आपणही खुर्ची जरा जवळ ओढून घ्यावी. आपण पुण्याहून नुकतेच बदलून आलात, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत करतो. आख्यान लहान आहे, परंतु शेवटपर्यंत ऐकावे.

१. कक्षाची तक्रार निवारण सभा दरमहा तिसऱ्या मजल्यावर भरते. अर्जदाराने स्वतः हजर राहावे. तीनदा गैरहजर राहिल्यास प्रकरण कायमचे बंद, असा नियम आहे. इमारतीला लिफ्ट आहे, परंतु सध्या तिच्यात जुन्या फायली ठेवल्या आहेत. लिफ्ट सुरू करावी या आमच्या मागणीची फाइलही तिच्यातच आहे, असे समजते.

२. आमचे सभासद सत्तरीच्या पुढचे. तेव्हा हिम्मतरावांनी तोड काढली. तारनाक्याचे हे गृहस्थ रेल्वेत गार्ड होते. ते भाषणाला उभे राहिले की लवकर खाली बसत नाहीत, हे खरे. पण तोच आवाज कामी आला. ते मधल्या जिन्यावर उभे राहत. वर नाव पुकारले की खाली सांगत. खालून "हाव, बसलो ना इथं" असे आले की वर "हाजिर" पोचवत. आठ महिने हे सुरळीत चालले. मग नवे लिपिक आले. ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "आवाज तो हाजिर है चाचा, आदमी किधर है?" हिम्मतराव म्हणाले, "आदमी नीचे है मियाँ. घुटना ऊपर नईं आरा उसका." त्यावर, जो वर येईल त्याने सही करावी, असे ठरले. हिम्मतरावांनी वर जाऊन अठरा जणांच्या नावापुढे स्वतःची सही केली. आम्ही खाली टाळ्या वाजवल्या. चूक आमची सर्वांची आहे.

३. संगणकाने एक सही म्हणजे एक मनुष्य धरला. त्यामुळे हिम्मतरावांच्या कार्डावर आता एकोणीस आजार आहेत. त्यांतला मोतीबिंदू तेवढा त्यांचा स्वतःचा. त्या अठरांतल्या उदयरावांचा बहिरेपणा त्यांना लागला. मंगलाबाईंच्या दुखण्यापायी त्यांना स्त्रीरोग तपासणीची तारीख मिळाली. आयुष्यात कुठली वेळ चुकवली नसल्याने ते त्या तारखेच्या फार काळजीत आहेत. एवढा आजारी मनुष्य जिना चढण्यास अपात्र, असा वैद्यकीय शेराही पडला आहे. शिपाई त्यांना पहिल्याच पायरीवर अडवतो. चूक दुरुस्त हवी असल्यास स्वतः तिसऱ्या मजल्यावर यावे, असे पत्र मात्र त्यांना आले आहे. माझ्या खुब्यात स्टीलचा सांधा असल्याने मीही चढू शकत नाही.

४. हे सर्व हसण्यावारी नेले असते. परंतु गौलीगुड्याच्या भामाबाईंचे तसे नाही. पती एकनाथराव वारले, त्यांचे कार्ड बंद झाले आणि बाईंचे नवे निघायचे राहिले. हिम्मतरावांना जिन्यावर अडवल्यापासून त्यांच्या दोन गैरहजेऱ्या लागल्या आहेत. त्या अठरांत त्याही होत्या, म्हणून त्यांचे इन्शुलिन आता हिम्मतरावांच्या नावाने येऊन औषधाच्या खिडकीवरच्या फ्रिजमध्ये पडून आहे. घ्यायचे तर हिम्मतरावांनी सही करायची. ते म्हणतात, "मला साखर नाही. आहे म्हणून कशी लिहून देऊ? एकदा सही केली, त्याचं हे झालं." बाई इंजेक्शन एका दिवसाआड घेतात. विचारले तर म्हणतात, "चलतंय की, सवय झाली." डॉक्टर म्हणतात, ही सवय जिवावर बेतेल. येत्या २४ तारखेची सभा त्यांची तिसरी.

५. आमच्या मंदिरात कीर्तन संपले की ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत ते खालीच हात जोडून थांबतात. बुवा आरतीचे तबक घेऊन स्वतः उतरून येतात. त्याने देवाला कमीपणा आल्याचे आजवर कोणी म्हटलेले नाही. तरी आपण २४ तारखेस दहा मिनिटांसाठी खाली यावे. सायकल स्टँडपाशी सावली आहे. खुर्ची आम्ही आणू.

उतरणे जमलेच नाही, तर इतके तरी करावे. वर पुकारा होईल, उत्तर येणार नाही आणि लिपिक 'गैरहजर' लिहायला पेन उचलतील. त्या वेळी भामाबाई खाली पहिल्या पायरीवर बसल्या आहेत, याचे स्मरण ठेवावे.

आपला नम्र,
शिवराज माणिकराव बिरादार
सहचिटणीस, केंद्रीय निवृत्त कर्मचारी स्नेहसंघ, हैदराबाद विभाग
अंबरपेठ, दि. १७ जुलै २०२५