सुपेल्याचा आपटा

२० सप्टेंबर
झाडं जमिनीतलं शिसं ओढतात, मग ते संपलं की काय ओढतात? सात वर्षांच्या ईरानं विचारलं. दिवस छान गेला! हुडको वसाहतीत कमलाकाकूंकडे खोली मिळाली. ईरा त्यांची नात. काम जवळच्याच सुपेल्यात, बॅटऱ्या फोडण्याच्या एका बंद कारखान्याच्या आवारात. तिथली माती शिशानं नासली आहे, म्हणून आमच्या संस्थेनं आपट्याची झाडं लावली. ती मुळांतून शिसं वर घेतात. छाटलेल्या फांद्या आम्ही पिंपात बंद करून पाठवतो. हातातल्या यंत्रानं माती आणि पानं तपासायची, हे माझं काम. घरातली पहिली पदवीधर मी. बाबा फोनवर म्हणाले, म्हणजे झाडांची डॉक्टर झालीस. काकूंनी टोमणा मारला, अनुजा, झाडायले कामाले लावलं न पगार तू घेऊन राहिली व्हय!

२८ सप्टेंबर
मातीत शिसं जवळजवळ उरलं नाही. इतक्या लवकर? साहेबांना वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा तपासलं, तेच. पालवी मात्र फुटतेच आहे. झाडांभोवतीच्या आतल्या कुंपणाची तार दोऱ्यासारखी बारीक झाली आहे. चिमटीत मोडली.

२ ऑक्टोबर, दसरा
घरी आले तर काकूंच्या ताटात आमच्या झाडांची पानं! बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, आणि इथं खरा आपटा आहे हे मीच कौतुकानं सांगितलं होतं. काकूंनी चौकीदाराकडून मागून आणला. ओळखीच्या मराठी घरांत सोनं वाटूनही झालं. मी पानं परत मागितली तर काकूंचे यजमान शामसुंदरकाका हसले, दिलेलं सोनं वापस मांगते, कंजूस कुठली! ईराच्या मुठीत आजीनं दिलेलं एक पान होतं. तोंडात घालू नकोस, एवढंच मी बजावलं.

६ ऑक्टोबर
पानं सुकत नाहीत. देवघरातलं काकूंचं, ईराच्या उशाखालचं, दोन्ही हिरवीगार. काकू पिवळ्या पडल्यात. ईराला शाळेतून उचलून आणलं, नखं पांढरी. डॉक्टर म्हणाले, अंगात लोह नाही.
यंत्र तिच्या पानाला लावलं. शिसं शून्य. लोखंड — मी बघत असताना आकडा चढत होता.

७ ऑक्टोबर
ईराचं पान गुपचूप नेऊन पिंपात टाकलं. झाकण घट्ट लावलं. काही फरक नाही. नेहरू नगरच्या नलूमावशींनाही काकूंनी सोनं दिलं होतं. त्या आयसीयूत आहेत.

८ ऑक्टोबर
आज कळलं. सकाळी काकांनी थट्टेत काकूंचं पान मागितलं, दसऱ्याले मले सोनं दिलंच नाही तू. काकूंनी दिलं, नमस्कार केला. दुपारी काकू उठून पोळ्या लाटत होत्या. काका जिन्यात बसले ते — उठवेना.
पान ज्याला दिलं त्याच्यातून ओढतं. चोरून, फेकून सुटका नाही. हातानं द्यावं लागतं.

९ ऑक्टोबर
झाडं तोडायला माणसं नेली. करवत खोडात शिरली आणि पात्याचा भुगा झाला. माणसं पळाली. ईरा आज उठली नाही.

१० ऑक्टोबर
सकाळपासून दारोदार — दसऱ्याला तुमच्याकडे आले नव्हते, आता सोनं द्या म्हटलं. कुणी हसलं. दिलं सगळ्यांनी. काकांनी. नलूमावशींनी, खाटेवरून.
ईराचं पान पिंपातून काढून तिच्या हातात ठेवलं. तिनं पुटपुटत विचारलं, ताई, नमस्कार कोणी करायचा? मीच वाकले. तिनं दिलेलं पान घेतलं.
आता आवाराच्या उंच भिंतीआड आहे. फाटकाला आतून कुलूप लावलं, किल्ली पलीकडे नाल्यात फेकली. म्हणजे कितीही भीती वाटली तरी मी हे सोनं कुणाला —
काकूंचा फोन. ईरा पोहे मांगून राहिली, गाल लाल झाले म्हणे. तू कुठं आहेस, जेवाले ये.
ओढणीत बांधलेल्या पानांचं ओझं — उचलवत नाही. बोटं पांढरी. पानं आता मनगटाला