पोच दिली आणि मास्तर झालो

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, रक्तदाब आणि शेजारणीशी धरलेला अबोला, सगळे जागच्या जागी असेल अशी आशा आहे. तू ठणठणीत राहा. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे त्यात थोडा बदल करायचा आहे.) इकडे मला झोप नाही. तुझी भावजय म्हणते, "यांना काळजी नसली की त्याचीच काळजी लागते."

झाले असे. मुलगा आणि सून दोघेही कारखान्यात पाळीवर. नातीच्या शाळेने पालकांसाठी मोबाइलवर एक अ‍ॅप काढले आहे. अभ्यास काय दिला, मूल कुठे अडले, सगळे त्यात येते आणि पालकांनी उत्तर द्यायचे. या दोघांना पाळीत फोन जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे आमच्या घरचे उत्तर कधी जायचेच नाही. नात हिरमुसून म्हणाली, "बाईंना वाटतं, आमच्या घरात कुणी राहतच नाही." ते मला फार लागले. मग मुलाने अ‍ॅप माझ्या फोनमध्ये घातले आणि "बाबा, नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही" असे बजावून तो कामावर गेला.

आता तूच सांग. कचेरीत शिपाई म्हणून जन्म गेला. आलेल्या कागदाची पोच दिल्याशिवाय मी पाणी प्यायलो नाही. (साहेबांच्या घरून आलेल्या डब्याचीही दिली होती, बाईसाहेबांनी ती जपून ठेवली म्हणतात.) अ‍ॅपमध्ये प्रत्येक निरोपाखाली दोन बटणे, हिरवे 'मान्य' आणि लाल 'नाही'. बाईंना 'नाही' म्हणणे मला उद्धटपणाचे वाटले. म्हणून निरोप वाजला की चष्मा शोधण्याआधीच मी हिरवे दाबायचो. कागद पोचला, एवढेच माझ्या मनात. तर त्या पोचेपायी मी पोहण्याच्या तलावावर मुलांच्या देखरेखीला जायचे कबूल केले (मी भरल्या बादलीलाही बिचकतो), नाटकातल्या झाडाचे कपडे शिवायचे कबूल केले आणि शेवटी, ज्या पालकांना अ‍ॅप जमत नाही त्यांना शनिवारी शाळेत येऊन ते शिकवायचेही कबूल केले. बाईंनी लिहिले, "सर्वांत तत्पर पालक तुम्हीच."

नाही म्हणून कळवणारच होतो. पण आजोबा शिकवायला येणार, हे नातीने वर्गभर सांगून ठेवले आहे. वेणी घालून घेताना आरशातून माझ्याकडे अशी बघते, जणू पाटी-पेन्सिल मीच शोधून काढली. माझी इयत्ता चौथी, तीही तू गणिते सोडवून दिलीस म्हणून. फजिती झाली तर मी आपला घरी येईन. तिला त्याच वर्गात बसायचे आहे.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य मुद्दा राहिला. शुक्रवार संध्याकाळपासून तू कृपा करून आजारी पड. फार नको, भावाला धावत यावे लागेल इतपत. सर्दीवर भागणार नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत नातीने पत्र वाचले. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येत नाही हे बाईंना माहीत आहे. तिथे कुणालाच येत नाही. तुम्ही चुकलात की त्यांची भीती जाईल." शिवाय थोरली आजी शुक्रवारी आजारी पडणार असल्याचे तिने बाईंना कळवूनही टाकले. लगेच निरोप वाजला. मी हिरवे दाबले, मग चष्मा शोधला. वर्ग आठवडाभर पुढे ढकलला आहे, आणि आजींना बरे वाटले की त्यांनाही सोबत आणायचे आहे, शिकवायला. तेव्हा आता पडू नकोस. पडलीसच तर लवकर बरी हो. तुझ्या वतीने मी पोच दिली आहे.