दुधात ढवळलेली कॅप्सूल

ती. दादास,

तुझ्या भांडखोर धाकटीचा नमस्कार. माझी नोकरी, खोली, जेवण सगळं ठीक आहे. तुझंच काही ठीक वाटत नाही.

वहिनी फोनवर म्हणाली, "हल्ली यांच्या घशात ती पचनाची कॅप्सूल अडकत नाही हो, वन्सं." कशी काय, विचारलं, तर ती हवापाण्यावर घसरली. दादा, लहानपणी गोळ्या ढवळायचास तशीच तू ती फोडून कढत दुधात ढवळतोस ना? स्वादुपिंड आधीच थकलंय. त्यातले दाणे गरम दुधात वाया गेले, तर खाल्लेलं पचवणार कोण? पँट पुन्हा सैल झाली का?

गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांग, ते उपाय सुचवतील. लाज कसली?

उद्यापासून तू जेवायला बसलास की मी व्हिडिओ कॉल करणार. ताटाशेजारी पाण्याचा पेला आणि अख्खी कॅप्सूल दिसू दे.

तुझ्या शब्दावर मुळीच विश्वास नसलेली,
तुझीच धाकटी