अर्धा ग्लास पाणी

अब्बा, इथे दोहात आमच्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत आता स्पॅनिश ऐकू येतं. तुम्ही इथे कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होतात तेव्हा शेगडीपासून भांड्यांपर्यंत सगळे रत्नागिरी-रायगडचे, शिव्यासुद्धा गावच्या बोलीत, असं तुम्हीच सांगायचात. मी इथे लागले तेव्हाही चादरींच्या घड्या घालणाऱ्यांत निम्मे आपलेच होते. मग नेपाळी आले, केनियाचे आले, आणि अलीकडे कोलंबिया, पेरूची माणसं यायला लागली. आधी रिसेप्शनवर दिसली, मग किचनमध्ये, आता आमच्याकडेही. आपला गुहागरचा ड्रायव्हर कुरकुरतो, "आपल्या लोकांचा जमाना खलास समज. एवढ्या लांबून माणसं आणायची काय गरज होती?" मी म्हटलं, "तुझ्या बापाला आणलं तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं असेल. यल्ला, चल, गाडी भर." त्याने गाडी भरली, पण तोंड वाकडंच होतं.

त्यातली कोलंबियाची एक बाई माझ्या हाताखाली आली. माझ्याच वयाची, घर आईच्या जिवावर सोडून आलेली. चादरीचं दुसरं टोक धरायला ती असली की काम कसं सरतं कळत नाही. मागच्या महिन्यात तिची आई गेली. विमानं बदलत बदलत पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं, म्हणून तिने रजा मागितलीसुद्धा नाही. लिनन रूममध्ये टॉवेलच्या चवडीला फोन टेकवून ती आईचं दफन बघत होती. फोन सारखा घसरत होता, म्हणून मी तो हातात धरला. चर्च दिसलं, पांढरी फुलं दिसली, मोठ्याने रडणारी तिची बहीण दिसली. माझा हात भरून आला तरी मी हलले नाही. मनात मात्र एकच येत होतं, की हिला निदान दिसलं. मला तुमचं काहीच दिसलं नाही.

तुमची खबर वाण्याच्या दुकानातल्या फोनवर आली तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते. तोवर तुम्हाला इथल्याच मातीत दिलंही होतं. गावच्या मशिदीत मय्यत समोर नसताना जनाज्याची नमाज झाली, पुरुष घरी परतले, आणि अम्मीला कुणी कुठे बसवावं हेही कुणाला कळेना. रडायला समोर काही तर पाहिजे ना! मोठी माणसं हळू आवाजात म्हणायची, "तो दोहातच राहिला." मला त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. तुम्ही दोहातच तर राहायचात.

अजून डोळ्यांसमोर आहे ते. तुमची रजा संपलेली आहे, बॅग बाहेर गेली आहे. अम्मी पाणी आणते. तुम्ही अर्धा ग्लास पिता आणि उरलेला माझ्या हातात देता. "हे सांभाळ. आल्यावर पितो." तुम्ही गेलात की दुसऱ्या दिवशी अम्मी ते पाणी जास्वंदीला घालते आणि मी घर डोक्यावर घेते. तुमचा फोन आल्यावर मी अम्मीची तक्रार करते, तर तुम्ही मलाच दटावता, "वेडे, पाणी शिळं होतं. बाप होत नाही." शेवटच्या वेळी मी शहाणपणा केला, ग्लास तांदळाच्या डब्यामागे लपवला. खबर आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तो बघायला धावले. पाणी आटून तळाला गेलं होतं, पण होतं.

फोनवरचं आईचं दफन संपल्यावर ती कोलंबियाची बाई म्हणाली, "सिस्टर, यू सिट विथ मी? अलोन इज नो गुड." त्यांच्यात नऊ संध्याकाळी बसून प्रार्थना करतात. गेलेल्याला तहान लागते म्हणून पाण्याचा ग्लास ठेवतात. शेवटच्या संध्याकाळी सगळं उचलतात आणि त्याला सांगतात, आता जा. मी म्हटलं, आमच्यात हे नाही. ती म्हणाली, "यू प्रे युवर्स." म्हणून ड्युटी सुटली की मी तिच्या खोलीवर जायचे. तिथे मेणबत्तीला मनाई, तेव्हा बँक्वेटमधली सेलवर चालणारी दिवली आईच्या फोटोपुढे ठेवली होती. ती माळ ओढायची, मी फातिहा पढायचे. मधल्या चहात तिला तुमचं सांगितलं, लपवलेल्या ग्लासाचंही. एवढं मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी तिला तो ग्लास उचलवेना. मीच उचलला आणि पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. ती आईला स्पॅनिशमध्ये म्हणाली, "जा, ममा," आणि माझ्या खांद्यावर कोसळली. सावरल्यावर डोळे पुसत तिने विचारलं, "अँड युवर फादर? यू टेल हिम गो?"

मी रिकामा ग्लास विसळायला घेतला. नोकरी इथे धरली तेव्हा सगळ्यांना पगाराचं कारण सांगितलं होतं. पण अल सद्दच्या मशिदीत जुम्म्याची नमाज सुटली की मेंदी लावलेल्या दाढीची आपल्याकडची म्हातारी माणसं बाहेर पडतात, आणि मी गाडीत बसून एकेकाचा चेहरा बघते. तुम्ही आज तेवढ्याच वयाचे झाला असता. चाळिशीच्या बाईने हे करावं का, अब्बा?

त्या संध्याकाळी बिन ओमरान भागातल्या आमच्या घरी आले, अर्धा ग्लास पाणी भरलं आणि बेसिनच्या वरच्या फळीवर ठेवलं. ओतून टाकायचं आणि तुम्हाला जा म्हणायचं, एवढंच करायचं होतं. तेवढ्यात मुलगा आला. "ममा, हूज वॉटर इज दिस?" म्हटलं, तुझ्या आजोबांचं. तो म्हणाला, "बट ही इज डेड, नो?"

त्याला हो म्हणायला माझं तोंड उघडेना. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून ते त्याच ग्लासाखाली ठेवतेय. पाणी मी रोज सकाळी बदलते, शिळं होऊ देत नाही.