तळ्यात सोडलेलं संत्रं

बेंगळूर, आषाढातला शनिवार, १९६३

वसाहतीचं सांडपाणी तळ्यात आठवडाभर निवळतं, हे उन्हाळ्यात संत्री सोडून, ती पलीकडे पोचायला किती दिवस लागतात ते मोजून, मीच ठरवलं होतं. तेव्हा वारा नव्हता. आता पश्चिमेचा सुटलाय, म्हणून सकाळी पुन्हा एक संत्रं सोडलं. जेवणाच्या सुट्टीआधीच ते पलीकडच्या सांडव्यावर. म्हणजे घाण पाणी न निवळता वरवरून सरळ बाहेर. आणि बाहेर ओढ्यात भाजीवाली अक्का सोप्पूच्या, म्हणजे पालेभाजीच्या, जुड्या धुते.

माझे साहेब, राव, म्हणाले, "अहो, वाऱ्यानं संत्रं जातं, पाणी नाही. सोमवारी बघू, सरी? ठीक?"

असेलही. पण सांडव्यावरून पडतं ते वरचंच पाणी ना? हे त्यांच्या तोंडावर का बोललो नाही?

निघताना कुणाला न विचारता सांडव्याला फळ्या लावून आलो. आता तळं चढत राहणार, आणि बांधाखाली आमचीच क्वार्टर्स. वारा काही पडत नाही, खिडकी सारखी वाजतेय. ते संत्रं डोळ्यांपुढून हलत नाही. किती झरझर गेलं.

बायको, मालती, दोनदा म्हणाली, पान वाढलंय, गार होतंय. सोप्पूची भाजी आहे. कुणाकडून घेतली, हे विचारायचा मला धीर होत नाहीये.